टेबलावरचा टॅबलेट आणि आपल्याकडचा गल्ला

टॉम टॅन आणि सर्गे नेटेसिन यांचा 'मॅनेजमेंट सायन्स'मधला २०२० चा पेपर मेथडॉलॉजी शिकणाऱ्यांनी वाचाच. अमेरिकेतल्या एका रेस्टॉरंट साखळीत टेबलावर छोटे टॅबलेट आले. ऑर्डरही त्यावर, पैसेही त्यावर. सगळ्या शाखांत ते एकदम आले नाहीत, म्हणून आधी-नंतरचा फरक शाखाशाखांत ताडून बघता आला. निष्कर्ष: दर बिलामागे विक्री साधारण १ टक्का वाढली, जेवणाचा वेळ जवळपास १० टक्के घटला.

पद्धत चोख आहे. पण सिनॉप्सिसमध्ये हा १० चा आकडा उचलून 'परभणीतही असंच होईल' लिहाल, तर व्हायवाला अडकाल. वेळ वाचला कुठून ते बघा ना. तिथे वेटर बिल आणतो, कार्ड घेऊन जातो, परत आणतो, मग गिऱ्हाईक उठतं. आपल्या साध्या हॉटेलात माणूस हात धुतो आणि थेट गल्ल्यावर. तिथे यूपीआयचा क्यूआर चिकटवलेला, स्पीकर रक्कम ओरडून सांगतो. टेबलावर बिलाची वाट बघणं हा टप्पाच नाही, तर वाचवणार काय?

शिवाय टेबल लवकर रिकामं झाल्याचा फायदा बाहेर कुणी ताटकळत असेल तरच. दुपारी एकला ठीक. चारला कोण थांबतंय?

आणि "वांगं संपलं, पिठलं देऊ का?" म्हणत वेटर जे विकतो, ते मोजायचं तर आठवडाभर वही-घड्याळ घेऊन हॉटेलात बसावं लागेल. मालकाची परवानगी तेवढी आधी घ्या.