दाठावंस आणि कँडीचे दंतमंदिर

श्रीलंकेतील कँडीच्या दलदा मालिगावाविषयी, म्हणजे दंतधातूच्या मंदिराविषयी, जी कथा सर्वत्र सांगितली जाते ती दाठावंस या पाली काव्याची आहे. कलिंगाची राजकन्या हेममाला हिने भगवंतांचा दंतधातू केशांत दडविला आणि पती दंतकुमार याच्यासह ती लंकेस पोहोचली. हा काळ राजा सिरिमेघवण्णाचा, इसवी सनाच्या चौथ्या शतकातील. कथा रम्य आहे. परंतु पाली ग्रंथ शेजारी ठेवून वाचल्यास तिचे थर वेगळे करता येतात.

महापरिनिब्बान सुत्ताच्या अखेरच्या गाथांत चार दंतांचा उल्लेख येतो. त्यांतील एक कलिंगराजाच्या राज्यात पूजिला जातो असे तेथे म्हटले आहे. या गाथा ताम्रपर्णीच्या थेरांच्या आहेत, हे खुद्द अट्ठकथाच नमूद करते. म्हणजे कलिंगाचा हा दाखला लंकेतच तयार झालेला! पुढे चूळवंस पाहावा. सिरिमेघवण्णाच्या नवव्या वर्षी एका ब्राह्मण स्त्रीने कलिंगातून दंतधातू आणला, एवढेच तो सांगतो. तिला ना नाव, ना राजकुल, ना पती. स्वागतविधीसाठी चूळवंस वाचकास दंतधातूच्या वंसाकडे पाठवितो, तरीही धातू आणणारी व्यक्ती त्याच्याकडे निराळी आहे. आमच्या मते ही एक स्वतंत्र परंपरा होय. पाचव्या शतकाच्या आरंभी फाहियानाने अनुराधपुरात दंतोत्सव वर्णिला असल्याने धातूची पूजा तेव्हा रूढ होती याविषयी शंका नाही. शंका आहे ती राजकन्येविषयी.

धम्मकित्ति थेरांनी दाठावंस रचिला तो तेराव्या शतकाच्या आरंभी, सेनापती परक्कम याच्या विनंतीवरून. याच परक्कमाने राणी लीलावतीस सिंहासनावर बसविले होते. अशा समयी दंत आणणारी स्त्री राजवंशीय असणे हा केवळ काव्यालंकार आहे, असे आम्हांस वाटत नाही. ज्याच्याकडे दंत त्याचे राज्य, ही समजूत पुढे दृढ होत गेली. 1818 च्या उठावात दंतधातू इंग्रजांच्या हाती पडताच उठावाचे बळ ओसरले.

दाठावंसात पाटलिपुत्राचा राजा पंडु दंत अग्नीत टाकवितो, ऐरणीवर ठेवून घण घालवितो. दंत अभंगच राहतो. या प्रसंगाची कसोटी गोव्यात लागली. 1560 च्या जाफना स्वारीत पोर्तुगिजांनी एक दंत हस्तगत केला. पेगूच्या राजाने देऊ केलेली मोठी खंडणी नाकारून तो गोव्यात खलात कुटण्यात आला, जाळण्यात आला आणि त्याची राख नदीत टाकण्यात आली. सिंहली परंपरा म्हणते, ती प्रतिकृती होती. खरा दंत सुरक्षित राहिला. पहिल्या विमलधम्मसूरियाने सोळाव्या शतकाच्या अखेरीस कँडीत मंदिर उभारून त्याची स्थापना केली.

आमच्या वाचकांनी अधिक लक्ष द्यावे ते पुढील इतिहासाकडे. 1753 मध्ये सयामहून आलेल्या उपालि थेरांनी लंकेत उपसंपदा पुन्हा सुरू केली. थोड्याच वर्षांत ती गोविगम या उच्च गणलेल्या जातीपुरती मर्यादित झाली. विनयात याला आधार नाही. आधार होता राजाज्ञेचा. ज्यांना ती नाकारली गेली त्यांनी ब्रह्मदेशात जाऊन 1800 साली उपसंपदा घेतली आणि परतून अमरपुर निकाय स्थापिला. दंतधातूचा ताबा मात्र आजही सियाम निकायाच्या मल्वत्त व अस्गिरिय या दोन शाखांकडे आणि दियवडन निलमे या गृहस्थ अधिकाऱ्याकडे आहे.