छायाचित्राचा कर्ता आणि स्वामी

रोलाँ बार्थ यांनी १९६७ मध्ये लेखकाच्या मृत्यूची घोषणा केली. कायद्याने मात्र कर्त्याला जिवंत ठेवले. पण कोणत्या अटीवर? भारतीय प्रताधिकार अधिनियम, १९५७ नुसार छायाचित्र काढणारी व्यक्ती हीच त्याची ‘कर्ता’ होय. तथापि कलम १७ प्रमाणे, मोबदला देऊन काढवून घेतलेल्या छायाचित्राची प्रथम स्वामी, विरुद्ध करार नसल्यास, काढवून घेणारी व्यक्ती ठरते. वापराचा परवाना देण्याचा अधिकारही तिच्याकडेच जातो. म्हणजे मुक्त छायाचित्रकाराच्या बाबतीत कर्तृत्व आणि स्वामित्व विलग होतात. कलम ५७ अन्वये कृतीवरील नावाचा व तिच्या अविकृततेचा हक्क त्याच्यापाशी उरतो. परवान्याचे मानधन उरत नाही. लेखकाच्या मृत्यूची मीमांसा करताना, नाव उरलेल्या परंतु स्वामित्व गमावलेल्या या कर्त्याचाही विचार समीक्षेने करणे आवश्यक आहे.