शांततेआधी न्याय मागणारी शाहिरी

दंगल ओसरली की शांतता समित्या बसतात, एकोप्याची गाणी म्हटली जातात आणि मुस्लिम कवीला हमखास आमंत्रण येते. त्याने बंधुभावावर चार कडवी म्हणावीत, टाळ्या घ्याव्यात आणि घरी जावे. अशा गाण्यांचा हेतू चांगलाच असतो. परंतु ज्याचे घर जळाले, ज्याचा रोजगार बुडाला, त्याच्यासाठी त्यांत एक ओळही नसते. मग शांततेचे गाणे असावे तरी कसे? या प्रश्नाचे उत्तर आम्हांला शाहीर अमर शेख आणि त्यांच्या साथीदारांच्या शाहिरीत सापडते.

बार्शीत 20 ऑक्टोबर 1916 रोजी जन्मलेले मेहबूब हुसेन पटेल म्हणजेच अमर शेख. आई मुनेरबी यांच्या तोंडची लोकगीते ऐकत ते वाढले. गाडीवर क्लीनर म्हणून, गिरणीत कामगार म्हणून राबले. 1944 साली अण्णा भाऊ साठे आणि द. ना. गवाणकर यांच्यासह त्यांनी लालबावटा कलापथक उभे केले. मातंग समाजातले अण्णा भाऊ आणि मुस्लिम समाजातले अमर शेख एका फडावर आले, ते एकोप्याचे प्रदर्शन मांडायला नव्हे. दोघांनाही कष्टकऱ्याचे एकच दुःख सांगायचे होते.

या पथकाच्या शाहिरीचा उत्तम नमुना म्हणजे संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात गाजलेली अण्णा भाऊंची 'माझी मैना गावावर राहिली' ही छक्कड. वरवर पाहता ती विरहाची लावणी आहे. पण हा विरह नशिबाने आलेला नाही. गरिबीने आणला आहे. पोटासाठी नवरा मुंबईला निघतो, बायको गावी राहते. पुढे मुंबईचे वर्णन येते. त्यात शेंडी आणि दाढी एकाच दमात येतात, त्याच रांगेत श्रीमंतांची मोटारही येते. धर्माच्या खुणा गर्दीत विरघळतात. खरी दरी दिसते ती पैशाची. शेवटी मैनेची ताटातूट आणि तुकडे झालेल्या मराठी मुलखाची ताटातूट एक होते. घरातले दुःख चावडीवर येते आणि मागणी बनते. उपदेशाच्या गाण्याला हे साधत नाही, कारण ते माणसाच्या दुःखापासून सुरूच होत नाही.

तरीही या शाहिरीची एक मर्यादा सांगितली पाहिजे. छक्कडीत मैनेचे रूप दिसते, रुसवा दिसतो. तिचे म्हणणे मात्र ऐकू येत नाही. सगळे बोलतो तो नवरा. न्यायाचे गाणे उंबरठ्याशी थबकते. हा उंबरठा पुढे अमर शेखांच्याच कन्येने ओलांडला. मलिका अमर शेख यांच्या 'मला उद्ध्वस्त व्हायचंय' या आत्मकथनात चळवळीतल्या पुरुषाच्या घरात बाईच्या वाट्याला काय येते, हे रोखठोक आले आहे. आम्ही ते पुस्तक या शाहिरीचे राहून गेलेले कडवे मानतो.

सोलापुरात 1990 साली पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरले. बार्शी त्याच जिल्ह्यातली. आपल्या साहित्याची परंपरा सांगताना आपण संतकवी शेख महंमदांचे नाव अभिमानाने घेतो, अमर शेखांचेही घेतो. पण त्यांच्या पहाडी आवाजाच्या आठवणी जितक्या निघतात, तितके त्यांचे शब्द वाचले जात नाहीत. 'कलश' आणि 'धरतीमाता' हे त्यांचे काव्यसंग्रह आपल्यापैकी कितीजणांनी हाताळले आहेत? अमर शेख 1969 साली गेले. तो आवाज आता सभेत ऐकू येणार नाही. शब्द मात्र शिल्लक आहेत.

म्हणून नव्या कवींना आमचे एवढेच सांगणे आहे: शांतता समितीचे आमंत्रण आले तर जरूर जावे. मात्र तिथे जळालेल्या घराचे, बुडालेल्या मजुरीचे आणि गावी राहिलेल्या मैनेचे गाणे म्हणावे. टाळ्या कमी पडतील. पण ज्याचे घर गेले आहे, तो ते गाणे ऐकायला थांबेल.