वाशीमची मध्यरेषा आणि दिशांचें समत्व

प्राचीन ज्योतिष्यांनीं लंका-उज्जयिनीच्या मध्यरेषेवर वत्सगुल्म, म्हणजे आजचें वाशीम, गणिलें होतें. तेथील मध्यमेश्वराचें देऊळ त्याची आठवण देतें. आजच्या मोजणीनें वाशीम उज्जयिनीच्या पूर्वेस एका अंशाहून अधिक भरतें, हें सांगितल्यास वाशीमकरांनीं रागावूं नये. ती रेषा मनुष्यानें ओढिलेली. सृष्टीचीच कांहीं लाडकी दिशा आहे काय, हा प्रश्न निराळा, आणि जिनीव्हानजीकच्या सीएमएस प्रयोगाच्या २०२४ सालच्या निबंधाचा विषय तोच आहे. मुंबईची टाटा मूलभूत संशोधन संस्था ह्या प्रयोगांत भागीदार असल्यानें तो आम्हांस अगदींच परका नाहीं.

निबंधांतील युक्ति आमच्या मतें फार सुंदर आहे. पृथ्वीबरोबर प्रयोगाचें यंत्रहि ताऱ्यांच्या मानानें सुमारें २३ तास ५६ मिनिटांत एक फेरा घेतें. आकाशांत एखादी दिशा इतरांहून निराळी असती, तर प्रोटॉनांच्या टकरींतून उपजणाऱ्या टॉप क्वार्कांच्या जोड्या त्या फेऱ्याच्या तालावर कमीअधिक व्हावयास हव्या होत्या. २०१६ व २०१७ सालच्या टकरी तपासतां तसा ताल आढळला नाहीं.

एवढ्यावरून आइन्स्टाइनच्या विजयाचा डांगोरा पिटणें आम्हांस मान्य नाहीं. निबंधकारांनीं केवळ कुंपण घातलें आहे: भेद असलाच तर तो ह्याहून लहान. अमेरिकेंतील टेव्हाट्रॉनच्या जुन्या मर्यादेपेक्षां तें कांहीं बाबतींत शंभरपटींपर्यंत आंत सरकलें आहे; तरीहि भाषा संयमाची, हा निबंधाचा मोठा गुण होय. मराठींत २०१२ सालच्या हिग्ज कणावर पुष्कळ लिहिलें गेलें. असल्या न सांपडण्याच्या वृत्तांतास मात्र क्वचितच जागा मिळते, हें आम्हांस खटकतें.