एक खिडकी, अनेक फायली

संगणकांच्या जाळ्याची ओळख करून देताना एक उपमा हटकून वापरली जाते. आयपी पत्ता म्हणजे इमारत आणि पोर्ट म्हणजे तिच्यातल्या फ्लॅटचा क्रमांक. उपमा वाईट नाही. संगणकापर्यंत पोचलेला मजकूर त्यातल्या कोणत्या प्रोग्रॅमला द्यायचा हे पोर्टवरून ठरते, एवढे तिच्यातून चांगले समजते. आमची तक्रार पुढच्या वाक्याबद्दल आहे. ‘सर्व्हर प्रत्येक नव्या ग्राहकाला वेगळा पोर्ट देतो’, असे ते वाक्य असते. पोर्टचा क्रमांक १६ बिटांचा, म्हणून सर्व्हरला फार तर ६५,५३५ जोडण्या झेपतात, असा निष्कर्ष मग आपोआप निघतो. परीक्षेत त्याला गुणही मिळतात. पण तो चूक आहे.

सुरक्षित वेबपाने देणारा सर्व्हर ४४३ या पोर्टवर वाट पाहत असतो. हजार जण जोडले गेले तरी त्याच्या बाजूला हजारही जोडण्यांत पोर्ट ४४३च राहतो. मग ऑपरेटिंग सिस्टिम त्या वेगळ्या कशा ओळखते? ती चार गोष्टी एकत्र पाहते: आपला पत्ता, आपला पोर्ट, समोरच्याचा पत्ता, समोरच्याचा पोर्ट. चारांपैकी एक जरी वेगळी असली तरी जोडणी वेगळी. सर्व्हरची खरी मर्यादा येते ती स्मृती आणि एका वेळी उघड्या ठेवता येणाऱ्या फायलींची संख्या यांतून.

फ्लॅटपेक्षा आम्हाला शाळेच्या कार्यालयाची उपमा बरी वाटते. खिडकी एकच, पण आत कारकुनाकडे प्रत्येक विद्यार्थ्याची फाइल निराळी. खिडकी म्हणजे पोर्ट, फाइल म्हणजे सॉकेट. एका घरातली दोन भावंडे आली तर नुसता पत्ता पुरत नाही, नावही लागते. ग्राहकाचा पोर्ट हेच काम करतो.

पोर्ट ‘दिला’ जातो तो या ग्राहकाच्या बाजूला. ब्राउझर स्वतः क्रमांक मागत नाही. त्याची ऑपरेटिंग सिस्टिम तात्पुरत्या पोर्टांतून एक मोकळा क्रमांक निवडते. लिनक्समध्ये हा पट्टा सहसा ३२७६८ ते ६०९९९, म्हणजे २८,२३२ क्रमांकांचा असतो. विंडोजच्या आजच्या आवृत्त्यांत ४९१५२ ते ६५५३५. पूर्वी हे क्रमांक बहुधा ओळीने दिले जात. पुढचा क्रमांक ओळखणे सोपे असले की खोटे उत्तर घुसवणेही सोपे होते. २००८ मध्ये डॅन कॅमिन्स्की यांनी डीएनएसमधला दोष उघड केला तेव्हा तातडीचा उपाय म्हणून पोर्ट यादृच्छिक रीतीने निवडायला सुरुवात झाली. पोर्ट अपुरे पडण्याची अडचण खरी आहे, पण तीही इथलीच: एका पत्त्यावरून एकाच सर्व्हरच्या एकाच पोर्टकडे हजारो जोडण्या करू गेल्यास हा पट्टा संपू शकतो.

हा गैरसमज पसरला कसा? दोष थोडा शब्दाचाही आहे. १९८१ च्या टीसीपीच्या मूळ दस्तऐवजात ‘सॉकेट’ म्हणजे पत्ता आणि पोर्ट यांची जोडी, आणि एक सॉकेट अनेक जोडण्यांत भाग घेऊ शकते असे तिथे स्पष्ट म्हटले आहे. पुढे १९८३ च्या बर्कले युनिक्समध्ये सॉकेट म्हणजे प्रोग्रॅमच्या हाती येणारी मूठ झाली. तिथे ‘ॲक्सेप्ट’ ही आज्ञा दर ग्राहकामागे नवे सॉकेट देते. लेखकांनी नवे सॉकेट म्हणजे नवा पोर्ट असे वाचलेले दिसते. (टीएफटीपी या छोट्या नियमावलीत सर्व्हर खरोखरच दर हस्तांतरासाठी नवा पोर्ट घेतो. पण ती टीसीपीवर चालत नाही.)

वर्गात हे तपासायला फार काही लागत नाही. एका संगणकावर पायथॉनसोबत येणारा लहानसा वेब सर्व्हर चालू करावा. तो ८००० या पोर्टवर थांबतो. दुसऱ्या दोन संगणकांवरून एकाच वेळी एखादी मोठी फाइल उतरवायला घ्यावी. ती उतरत असताना सर्व्हरच्या संगणकावर ‘नेटस्टॅट’ ही आज्ञा द्यावी. स्थानिक पत्त्याच्या रकान्यात दोन्ही ओळींवर ८०००च दिसेल आणि फरक सापडेल तो शेजारच्या, समोरच्याच्या रकान्यात. यापुढे ६५,५३५ चा प्रश्न काढणाऱ्यांनी तो काढण्याआधी हा पडदा एकदा पाहावा, एवढीच आमची विनंती.