सहा मात्रांचं गाणं आणि चाराचे चौकोन

रिमिक्स स्पर्धेत उतरायला आज काय लागतं? लॅपटॉप, हेडफोन आणि लूपवर चालणारं एखादं सॉफ्टवेअर. आयोजक मूळ गाण्याचे सुटे भाग देतात: आवाज वेगळा, बास वेगळा, ड्रम वेगळे. यांना स्टेम म्हणतात. ते उचलायचे, त्यांच्याखाली तयार लूप अंथरायचे आणि मुदतीच्या आत पाठवून द्यायचं.

हे इतकं सोपं झालं, याबद्दल माझी तक्रार नाही. मॉन्ट्रियलमध्ये राहणाऱ्या ग्राइम्सने २०१२चा ‘व्हिजन्स’ हा आल्बम आपल्या घरात बसून गॅरेजबँडवर केला. रिहानाच्या ‘अम्ब्रेला’मधला ड्रमचा ठेकासुद्धा गॅरेजबँडसोबत येणाऱ्या लूपमधून आलेला आहे. त्यामुळे ‘हे काय, खेळण्यातलं सॉफ्टवेअर’ म्हणून नाक मुरडण्यात अर्थ नाही. माझी तक्रार वेगळी आहे. आपण गाणं नीट ऐकायच्या आधीच सॉफ्टवेअरने आपल्या वतीने काही निर्णय घेतलेले असतात, आणि ते बदलता येतात हे आपल्या लक्षातच राहत नाही.

गॅरेजबँडमध्ये नवा प्रोजेक्ट उघडून बघा. मिनिटाला १२० ठोके, चाराचं माप आणि सी मेजर. तुम्ही अजून एक सूरही लावलेला नाही, तरी वेग, ताल आणि पट्टी ठरलेली आहे. याचा संबंध लूपच्या तंत्राशीही आहे. १९९८ मध्ये अमेरिकेतल्या सॉनिक फाउंड्री कंपनीने ‘ॲसिड’ हे सॉफ्टवेअर आणलं. त्याची करामत अशी, की कुठलाही लूप टाका, तो सूर न बदलता ताणला किंवा आवळला जाऊन तुमच्या गाण्याच्या वेगात बसतो. वेगवेगळ्या वेगांचे तुकडे एका ओळीत नांदू लागले. पण हे तंत्र वेग बदलतं, मात्रांची संख्या नाही. चाराचा लूप कितीही ताणा, तो चाराचाच राहतो.

यामुळे काय होतं, ते २००८ मध्ये छान दिसलं. रेडिओहेडने ‘न्यूड’ या गाण्याचे पाच स्टेम आयट्यून्सवर विकायला ठेवले आणि लोकांना रिमिक्स करायला बोलावलं. गाणं मात्र सहाच्या मापातलं, संथ. आपल्या कानांना ते दादऱ्याच्या जवळचं वाटेल: तीन आणि तीन. त्याच्याखाली क्लबमधला चाराचा ठेका टाकायचा, तर शब्दांमधल्या मोकळ्या जागा फुगवा नाहीतर कापा. दोन्हीत गाण्याचा श्वास जातो.

त्याच वर्षी ग्लासगो स्कूल ऑफ आर्टच्या जेम्स ह्यूस्टन या विद्यार्थ्याने दुसरीच वाट काढली. झेडएक्स स्पेक्ट्रम संगणकाला त्याने गिटारचं काम दिलं, डॉट मॅट्रिक्स प्रिंटरला ड्रमचं, स्कॅनरला बासचं. आवाजाचा भाग त्याने जुन्या हार्ड डिस्कमधून वाजवला. यंत्रं आपल्या कुवतीबाहेरचं काहीतरी करायला धडपडतायत, हे ऐकताना कळतं. त्यातले सूर काही फार गोड नाहीत. तरी मी त्याला उत्तम रिमिक्स म्हणेन, कारण त्याने गाण्याचं माप मोडलं नाही. वाजवणारे बदलले आणि त्यामुळे गाण्याचा अर्थ बदलला.

आता आपल्याकडे वळूया. परदेशात वाढलेल्या मराठी मुलामुलींची रिमिक्स मी आवडीने ऐकते, आणि त्यातली बरीचशी एकाच साच्यातली असतात. इंग्रजी गाणं घ्यायचं, त्याखाली ढोलकीचा किंवा ढोल-ताशाचा लूप टाकायचा, मध्ये एकदा सगळं थांबवायचं आणि मग दणक्यात सोडायचं. गणेशोत्सवाच्या कार्यक्रमात नाचायला हे झकास आहे. पण स्पर्धेत तीच ढोलकी पासपोर्टवरच्या शिक्क्यासारखी येते. करणारा कुठून आला एवढंच ती सांगते. त्याने गाण्यात काय ऐकलं, ते सांगत नाही. आणि ती पटकन बसते, कारण केरव्याच्या आठ मात्रा चाराच्या चौकोनात विनातक्रार मावतात. सात मात्रांचा रूपक वापरून बघा, लगेच प्रत्येक ओळीपाशी थांबून विचार करावा लागेल.

याचा अर्थ लूप ही बाहेरून आलेली गोष्ट आहे असा नाही. जात्याचा फेरा म्हणजे लूपच. ओवी त्या फेऱ्यावर चालते. हेमा राईरकर आणि गी पॉइत्व्हाँ यांनी महाराष्ट्रातल्या गावोगावच्या बायकांच्या एक लाखाहून जास्त ओव्या गोळा करून घेतल्या. त्यांतल्या कितीतरी आज ‘पारी’च्या संकेतस्थळावर ऐकता येतात. ऐकाल तेव्हा दोन गोष्टींकडे लक्ष द्या. फेरा तोच, पण दर वेळी शब्द पुढे सरकतात. आणि वेग हाताचा असतो, घड्याळाचा नाही, त्यामुळे तो मधूनच किंचित ढिला पडतो, पुन्हा सावरतो. अशी ओवी ग्रिडवर ठेवून ‘क्वांटाइझ’ केली की हे ढिलं पडणं चूक म्हणून पुसलं जातं. खरं तर तिथेच बाई दळत असते.

हा प्रश्न कॅनडात बसून विचारण्याला आणखी एक कारण आहे. टोरंटोच्या जॉन ऑस्वाल्डने १९८९ मध्ये ‘प्लंडरफोनिक’ ही सीडी काढून फुकट वाटली. त्यात मायकल जॅक्सनच्या ‘बॅड’चे बारीक तुकडे करून ‘डॅब’ नावाचा नवा तुकडा बांधलेला होता. तयार लूप नाहीत. जे काही आहे ते त्या एका गाण्यातूनच काढलेलं. ध्वनिमुद्रण उद्योगाच्या संघटनेने कारवाईचा बडगा दाखवला आणि उरलेल्या प्रती नष्ट कराव्या लागल्या. २०१२ मध्ये कॅनडाच्या कॉपीराइट कायद्यात २९.२१ हे कलम आलं. निव्वळ बिगरव्यावसायिक हेतूने केलेल्या नव्या कृतीत दुसऱ्याचं काम वापरायला ते मुभा देतं, पण अटींवर: शक्य तिथे मूळ स्रोताचं नाव द्यायचं, मूळ प्रत चोरीची नसावी आणि मूळ कामाच्या कमाईला मोठा धक्का बसता कामा नये.

पण स्पर्धेला या कलमाचा आधार गृहीत धरू नका. बक्षीस आलं, कंपनीची जाहिरात आली, की ‘बिगरव्यावसायिक’ हा शब्द डळमळतो. शिवाय स्पर्धेचे नियम हा वेगळा करार असतो. तुमच्या रिमिक्सचे हक्क आयोजकांकडे जाणार का, हे ‘मान्य’वर टिचकी मारायच्या आधी वाचा. आणि आजीची ओवी वापरणार असाल, तर कायदा काहीही म्हणो, आधी आजीला विचारा आणि तिचं नाव लावा. तिचा आवाज म्हणजे फुकटचा सँपल पॅक नव्हे.

पाठवायच्या आधी एक चाचणी करून बघा. तुम्ही टाकलेले सगळे तयार लूप म्यूट करा आणि उरलेलं ऐका. मूळ गाण्यातलं, आधी कुणाच्या लक्षात न आलेलं काही ऐकू येतंय का? एखादा श्वास, एखादी लांबलेली मात्रा, मागे दबलेली व्हायोलिनची ओळ? येत असेल तर एकेक लूप परत आणा आणि ते झाकायला लागलं की तिथेच थांबा. काहीच ऐकू येत नसेल, तर मुदत उद्याची असली तरी आधी टेम्पोचा १२० हा आकडा खोडा, हेडफोन लावा आणि गाण्याच्या मात्रा बोटांवर मोजून बघा.