‘रश्मी रॉकेट’ : धावणाऱ्या देहाचा दाखला कोण मागतो?

अहिल्यानगर जिल्ह्यातल्या शिक्षक-कार्यकर्त्यांच्या एका अभ्यासवर्गात ‘रश्मी रॉकेट’ हा हिंदी चित्रपट आम्ही एकत्र बसून पाहिला. चित्रपट संपला, टाळ्या पडल्या. मग मागच्या रांगेतून एका क्रीडाशिक्षकाने विचारले, “हे सगळं ठीक आहे, सर. पण उद्या माझ्या शाळेतलं एखादं पोरगं ‘मी मुलगी आहे’ म्हणालं आणि मुलींच्या गटात पळायला उभं राहिलं, तर मी काय करायचं?” हशा पिकला. हशा ओसरल्यावर कोणीच काही बोलेना. उत्तर माझ्याकडेही नव्हते. हा लेख त्या शिक्षकमित्राला दिलेले उशिराचे उत्तर आहे. आणि ज्या चित्रपटाला आम्ही टाळ्या दिल्या, त्यात हे उत्तर का सापडत नाही, याचाही तो शोध आहे.

आकर्ष खुराना यांनी दिग्दर्शित केलेला हा चित्रपट २०२१ सालचा. तापसी पन्नू यांनी उभी केलेली भूजची रश्मी वाऱ्यासारखी धावते, पदके जिंकते. मग तिची ‘स्त्रीत्व-चाचणी’ होते. रक्तात पुरुषी संप्रेरकाचे प्रमाण जास्त निघते, तिच्यावर बंदी येते, वर्तमानपत्रे तिची लाज चव्हाट्यावर मांडतात. ती न्यायालयात जाते, जिंकते आणि पुन्हा धावते. अशा चाचण्यांची अमानुषता हिंदी पडद्यावर मांडली गेली, याचे श्रेय या चित्रपटाला दिलेच पाहिजे. परंतु समीक्षेने टाळ्यांपाशी थांबायचे नसते. ही कथा कोणाच्या आयुष्यातून आली आणि पडद्यावर येता येता तिच्यातून काय गळून पडले, हे आपण विचारले पाहिजे.

रश्मीच्या पाठीशी लष्करी अधिकारी असलेला नवरा आहे, समाजात वजन असलेली आई आहे, जिद्दी वकील आहे. तिच्यावर अन्याय होतो तो संघटनेतल्या एका पदाधिकाऱ्याच्या कारस्थानामुळे. त्याला स्वतःच्या मुलीला पुढे आणायचे आहे. म्हणजे नियम निर्दोष, माणूस तेवढा वाईट! अन्याय व्यवस्थेचा नसून खलनायकाचा असतो, ही प्रस्थापित कलेची जुनी सोय. खलनायक पकडला की प्रेक्षक मोकळा. नियम मात्र जागच्या जागी राहतो.

याहून गंभीर गोष्ट पुढे आहे. खटला चालू असताना रश्मी गरोदर असते आणि अखेरीस पोटातल्या बाळासह ती धावते. प्रेक्षकाच्या मनातली उरलीसुरली शंका येथे फिटते. बाई आहे, कारण नवरा आहे. बाई आहे, कारण गर्भ आहे. ज्या चाचणीविरुद्ध चित्रपट उभा आहे, तीच चाचणी तो मागच्या दाराने घेतो आणि नायिकेला उत्तीर्ण करतो. प्रयोगशाळेचा दाखला नाकारून त्याने गर्भाशयाचा दाखला स्वीकारला, एवढाच फरक.

आता ज्यांना असा दाखला मिळाला नाही त्यांच्याकडे वळू. तमिळनाडूच्या पुदुकोट्टई जिल्ह्यातली सांथी सौंदरराजन ही वीटभट्टीवर राबणाऱ्या दलित आईबापांची मुलगी. २००६ च्या डिसेंबरात दोहाच्या आशियाई स्पर्धेत तिने ८०० मीटरमध्ये रौप्यपदक मिळवले. चाचणी झाली, पदक काढून घेतले गेले. पुढच्या वर्षी तिने आत्महत्येचा प्रयत्न केला. ज्या वीटभट्टीतून ती वर आली, तेथेच काही काळ तिला पुन्हा रोजंदारी करावी लागली. पुढे ती प्रशिक्षक झाली, पण ते पदक तिला परत मिळाले नाही. ओडिशाच्या विणकर घरातली द्युती चंद २०१४ मध्ये अशाच नियमाने बाहेर काढली गेली. क्रीडा लवादापुढे लढून २०१५ मध्ये तिने तो नियम स्थगित करवला. वीटभट्टी आणि हातमाग पडद्यावर येईपर्यंत गळून पडले. हे केवळ पटकथेच्या सोयीसाठी झाले, असे मला वाटत नाही. जात गळली की दुःख सर्वांचे होते, आणि सर्वांचे झालेले दुःख कोणालाच जबाबदार धरत नाही.

फार दूर जाण्याचीही गरज नाही. शेजारच्या नाशिक ग्रामीण पोलीस दलाच्या २०१८ च्या भरतीत अनुसूचित जातीच्या प्रवर्गातून एक तरुणी लेखी आणि मैदानी परीक्षा उत्तीर्ण झाली. वैद्यकीय तपासणीत तिला गर्भाशय नाही असे दिसले, गुणसूत्रे पुरुषाची निघाली, आणि तिची निवड अडली. जन्मापासून ती मुलगी म्हणून वाढली होती. स्वतःच्या देहातली ही गोष्ट तिला त्या कागदावरूनच कळली. तिला उच्च न्यायालयात जावे लागले. २०२२ मध्ये न्यायमूर्ती रेवती मोहिते डेरे आणि न्यायमूर्ती माधव जामदार यांच्या खंडपीठापुढे शासनाने तिला पोलीस खात्यात घेण्याची तयारी दाखवली, पण शिपाई म्हणून नव्हे, दुसऱ्या पदावर. पडद्यावरची नायिका गर्भामुळे जिंकते आणि आमच्या शेजारची मुलगी गर्भाशय नाही म्हणून अडते! गर्भाशय हाच बाईपणाचा दाखला असेल तर बीडच्या ऊसतोड बायांना आपण काय म्हणणार? २०१९ मध्ये शासनाच्या समितीने तेथल्या ८२ हजारांहून अधिक ऊसतोड स्त्रियांची पाहणी केली, तेव्हा १३ हजारांहून अधिक स्त्रियांची गर्भाशये काढून टाकलेली आढळली. त्यांच्या देहाला बाई ठरवणारे आणि त्यांचे गर्भाशय काढणारे जग एकच आहे.

येथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. सांथी, द्युती किंवा नाशिकची ती तरुणी तृतीयपंथी नाहीत. जन्मतः मिळालेल्या देहातल्या वेगळेपणाचा हा प्रश्न आहे. जन्माच्या वेळी मुलगा म्हणून नोंदले गेलेले आणि स्वतःला मुलगी म्हणून ओळखणारे मूल हा वेगळा प्रश्न आहे, आणि आमच्या शिक्षकमित्राने नेमका तोच विचारला होता. ‘रश्मी रॉकेट’ या प्रश्नाला स्पर्शच करत नाही. नायिका ‘पूर्ण बाई’ ठरली की त्याचे काम संपते. मग जी त्या अर्थाने ‘पूर्ण’ ठरणार नाही तिचे काय?

विरोधकांचा युक्तिवाद आपण प्रामाणिकपणे समजून घेतला पाहिजे. वयात आल्यानंतर मुलग्यांची उंची, स्नायू, हाडे वेगळ्या रीतीने वाढतात. धावण्याच्या वरच्या पातळीवर स्त्री-पुरुषांच्या वेळांत साधारण दहा ते बारा टक्क्यांचे अंतर पडते. मुलींचा वेगळा गट केला गेला तो याच कारणाने, आणि तो मिळवायलाही स्त्रियांना झगडावे लागले. हे नाकारणे म्हणजे मुलींवर अन्याय करणे होय. त्यात आपल्या वस्तीतल्या मुलीही आल्या. शालेय स्पर्धेतल्या प्रमाणपत्रावर दहावी-बारावीत सवलतीचे गुण मिळतात. वर गेल्यास शासकीय नोकरीतले खेळाडूंचे पाच टक्के आरक्षण समोर असते. भूमिहीनाच्या मुलीसाठी पदक म्हणजे भाकरी आहे.

परंतु हा युक्तिवाद कोणत्या वयाला लागू होतो? आपल्या शालेय स्पर्धा १४, १७ आणि १९ वर्षांखालील अशा गटांत होतात. वयात येण्यापूर्वी मुलामुलींच्या धावण्यात फरक थोडाच असतो. जागतिक ॲथलेटिक्स संघटनेने २०२३ मध्ये ज्या पारलिंगी स्त्रियांना स्त्रियांच्या जागतिक स्पर्धांतून वगळले, त्या पुरुषी वाढीतून गेलेल्या. म्हणजे खुद्द त्या कठोर नियमातही वाढीचा टप्पा हाच निकष होता. अमेरिकेत मात्र २०२५ च्या फेब्रुवारीत राष्ट्राध्यक्षांनी आदेश काढून अशा मुलींना मुलींच्या संघात घेणाऱ्या शाळांचा केंद्रीय निधी रोखण्याची धमकी दिली. त्याआधी २०२२ मध्ये युटा राज्यात एका शाळकरी मुलीने स्पर्धा जिंकली. हरलेल्या मुलींच्या पालकांनी तक्रार केली. क्रीडा संघटनेने तिची बालवाडीपासूनची कागदपत्रे चाळली. ती पहिल्यापासून मुलगीच होती. संशयाला एकदा मैदानावर परवानगी मिळाली की तो तृतीयपंथी मुलापाशी थांबत नाही. जी मुलगी ठरलेल्या साच्यात बसत नाही तिच्यापर्यंत तो पोचतो.

हे मी वाचून सांगत नाही. काही वर्षांपूर्वी तालुक्याच्या शालेय स्पर्धेत मी टेबलावर नोंदी घेत होतो. १४ वर्षांखालील मुलींच्या ६०० मीटरमध्ये वस्तीवरची एक पोरगी पहिली आली. बारीक कापलेले केस, उन्हाने रापलेले अंग, घोगरा आवाज. दुसऱ्या एका संघाच्या शिक्षकाने हरकत घेतली, “हे पोरगंच आहे. तपासा.” मी त्याला तेथल्या तेथे गप्प केले असते तर आज हा लेख मानाने लिहिला असता. मी म्हणालो, “आईला जन्माचा दाखला घेऊन पाठव.” आई दिवसाचा रोज बुडवून आली, दाखला दाखवला, निकाल कायम राहिला. पोरगी मात्र पुन्हा मैदानावर आली नाही. आपण न्याय केला, असेच मला तेव्हा वाटले होते. दाखला मागणे हीच शिक्षा असते, हे मला, पिढ्यान्पिढ्या ज्याला दाखले मागितले गेले त्या समाजातल्या माणसाला, कळू नये?

कारण मैदानाच्या दारातली ही चौकशी आपल्याला नवी नाही. पळवणकर बाळू पुण्यात हिंदूंच्या संघासाठी बळी घेत होते, तेव्हा त्यांचा चहा बाहेर आणि वेगळ्या भांड्यात येत असे. गोलंदाजी चालत होती, स्पर्श चालत नव्हता. तेव्हा शुद्धतेच्या नावाने देह वेगळा काढला. आज निकोप स्पर्धेच्या नावाने काढला जातो. दोन्ही गोष्टी एकच आहेत असे मी म्हणत नाही. पण ‘आमच्या पोरांच्या जागा जातात’ हे वाक्य आरक्षणाविरुद्ध ज्यांनी ऐकले, त्यांनी ते दुसऱ्याविरुद्ध उच्चारण्यापूर्वी दहादा विचार करावा.

आणि आपल्या साहित्याचे काय? याच जिल्ह्यातल्या अकोले तालुक्याच्या दया पवारांनी १९७८ मध्ये ‘बलुतं’ लिहून गावगाड्याने लाजवलेला देह निर्भयपणे उघडा केला. परंतु त्याच काळापासून आपल्या विद्रोही भाषेत व्यवस्थेला ‘षंढ’ म्हणण्याची, भेकडाला बांगड्या भरण्याची सवयही रुजली. ज्यांचा देह आपण शिवीसाठी वापरला, ती माणसे आपल्याच वस्तीच्या कडेला राहत होती. याच जिल्ह्यात श्रीरामपूरला राहून दिशा पिंकी शेख यांनी ‘कुरूप’मधील कविता लिहिली आणि २०१९ मध्ये वंचित बहुजन आघाडीच्या प्रवक्त्या म्हणून त्या उभ्या राहिल्या. तृतीयपंथी माणूस रूपक नसून बोलणारा, लिहिणारा नागरिक आहे, हे आपल्याला त्यांच्याकडून शिकावे लागले. त्या दिवशीच्या हशात आपल्याच साहित्याची ती जुनी सवय हसत होती.

म्हणून, शिक्षकमित्रा, माझे उत्तर असे. सर्वोच्च न्यायालयाने १५ एप्रिल २०१४ रोजी स्वतःची लिंगओळख ठरवण्याचा हक्क मान्य केला. २०१९ च्या कायद्याच्या १३ व्या कलमाने शासनमान्य शाळांवर तृतीयपंथी विद्यार्थ्यांना भेदभावाविना खेळाची संधी देण्याचे बंधन घातले. तेव्हा ते मूल मैदानावर आले तर त्याला पळू दे. कपडे बदलायला आडोसा दे, त्याच्या नावाने हाक मार, हसणाऱ्याला गप्प कर. १७ आणि १९ वर्षांच्या गटात खरोखरच वाढीचा फरक आडवा आला, तर त्या खेळापुरता, पुराव्यावर आणि चारचौघांत न बोलता विचार व्हावा. एक जागा वाढवावी, एक प्रमाणपत्र जास्त द्यावे. पण त्याच्यासाठी दुसऱ्या मुलीचे कापू नये. ही अडचण खरी आहे आणि ती सोडवताना चुका होतील. परंतु कोणत्याही पोराच्या चड्डीत डोकावून ती सोडवता येणार नाही.

‘रश्मी रॉकेट’ने धावणारी बाई निर्दोष ठरवली. आपल्याला त्याच्या पुढे जायचे आहे. देह निर्दोष असल्याचा पुरावा न देता ज्या मैदानावर उतरता येईल ते मैदान आपल्याला हवे आहे, आणि ते तालुक्याच्या टेबलापासून सुरू होते.